हेमू, बोर्ड बरोबर होता

हेमू, तीन दिवसांपासून तुझ्या कुडव्याच्या घरी रोज जातो आहे. तू होता तेव्हा अडीच महिने आलो नाही, आणि तेरवी आटोपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला हजर. तुझ्याच खुर्चीवर बसतो, तुझ्याच कॉम्प्युटरच्या मशीनचा डावा पत्रा उघडतो, तुझाच स्क्रू-ड्रायव्हर वापरतो. तू असता तर म्हणाला असता, "काऊन रे सिधू, आता रस्ता सापडला काय?" तू म्हटलेलं नाही हे, मीच म्हणतो आहे. पण तीन दिवस तुझ्या आवाजात तेच ऐकू येऊन राहिलं.

तुझ्या जाण्याचं काही लिहीत नाही. दवाखाना, डॉक्टर, किती वाजले होते, जवळ कोण होतं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. जो तो सांगतो आणि सांगता सांगता चहा पितो. मला सांगायचं ते वेगळं आहे. एक चूक झाली आहे, आणि तू ती आपली समजून गेला. वहिनीला अजून सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पहिले तुला सांगतो. एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, दुकानाचं शटर उगाच अर्धं खाली करतो, पुन्हा वर करतो, पुन्हा बसतो.

तेरवीच्या पंगती उठल्यावर वहिनीने मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, लग्नाचे सहा अल्बम अडकून आहेत. त्या लोकांचे फोन येऊन राहिले. मशीन मधातच बंद पडते. पाहता काय?" घरी बसून अल्बम बनवायचे, हेच तिचं काम, आणि आता घरात तेवढंच एक काम उरलं. मी हो म्हटलं, पण वर पाहून म्हणता आलं नाही. तेच मशीन, ज्याच्यावरून आपलं बोलणं बंद झालं होतं.

हा कागद दुसऱ्या कोणाच्या हाती पडला तर त्याला समजावं म्हणून चार शब्द लिहितो, तू तेवढे सोडून दे. कंपनी प्रोसेसरवर एक वेग लिहून देते. त्या वेगावर तो आयुष्यभर गुपचूप चालतो. पण काही लोकांना, म्हणजे तुला आणि मला, तो आणखी पळवून पाहायचा असतो. त्यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. प्रोसेसर पळवायचा तर दोन गोष्टी धड लागतात. एक मदरबोर्ड, जो त्याला वीज नीट गाळून देईल आणि स्वतः तापणार नाही. दुसरी रॅम, जी त्याच्या वेगाने त्याला माहिती पुरवेल. दोन्ही एक नंबर घ्यावं एवढा खिसा आपला कधीच नव्हता. एकीकडे हात सैल सोडला की दुसरीकडे आखडता घ्यावा लागतो. कुठं आखडता घ्यायचा, ह्याच्यावर आपण सोळा वर्षं भांडलो.

मी बोर्डवाला. माझं म्हणणं, बोर्ड म्हणजे धानाच्या बांधीचा धुरा, पाणी अडवणारा बांध. धुरा कच्चा असला तर बांधीत कितीही पाणी सोडा, सकाळी नुसता चिखल. तू रॅमवाला. "पाणीच नसेल तं धुऱ्याची आरती करशील काय?" दुकानात ग्राहक बसलेला असायचा, त्याला बिचाऱ्याला प्रिंटर पाहिजे असायचा, आणि आपलं चालू. एक मास्तर तर उठून म्हणाले होते, "तुमचं आटोपलं की फोन करा, मी उद्या येतो."

तसा तू हवेत बोलणारा नव्हता. दिवसभर तिरोड्याच्या पॉवर प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम, वीज म्हणजे तुझ्या घरची गोष्ट. बोर्ड घ्यायचा तर डब्यावरची चित्रं, लाल-निळे लाइट तू पाहतच नव्हता. बोर्ड उचलायचा, प्रोसेसरच्या बाजूचे ते वीज गाळणारे काळे तुकडे मोजायचा, त्यांच्यावर बसवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा बोटाने हलवून पाहायचा. हलला की बोर्ड परत. "लाइटवर नको जाऊ सिधू. लाइट तं वरातीतही राहते." आपली ओळख झाली तेव्हा दुकान टाकून मला चार वर्षं झाली होती, आणि बोर्ड कसा पारखायचा हे मला एका ग्राहकाने शिकवलं. तो ग्राहक तू. मला टायफॉइड झाला त्या वर्षी ड्यूटीवरून परस्पर येऊन महिनाभर तू माझं दुकान सांभाळलं. मी कधी आभार मानले नाही. आपल्यात मानत नाहीत. आता मानावे वाटतात, तर ऐकायला कोणी नाही.

आणि आपला नवतपा. दुसरं कोणी असं करत असेल असं मला वाटत नाही. पहिल्याच वर्षी एका जानेवारीत आपण नागऱ्याच्या फोटोवाल्याला मशीन बनवून दिलं. गोंदियाची थंडी, बोटं काकडलेली, प्रोसेसर असा गार की वेग वाढवतच गेलो, कुठं अडेचना. वाटलं, आपल्यासारखे हुशार आपणच. मे महिन्यात त्याचा फोन आला, दुपारी बारा ते पाच मशीन चालतच नाही. जाऊन पाहतो तर कूलर मशीनच्या तोंडावर लावलेला आणि मालक कोपऱ्यात बनियनवर घामाघूम. कूलरच्या ओलीने आतल्या स्क्रूंना गंज चढलेला. "मशीन तं थंड ठेवाच लागते ना," तो म्हणाला. दोघांनाही तोंड लपवायला जागा नव्हती. सगळी थंडीतली हुशारी होती ती.

तेव्हापासून तू नेम केला. मशीन द्यायचं ते पहिले वेग थोडा आवरूनच द्यायचं. मग नवतपा लागला, मे संपतानाचे ते नऊ भाजणारे दिवस आले, की तुझ्या गाडीवर बसून घरोघर जायचं. भर दुपारी तीन वाजता लोकांना कूलर बंद करायला लावायचा आणि मशीनला दोन तास पूर्ण ताण द्यायचा. टिकलं तर वाढवलेला वेग पक्का. मग तू पत्र्याच्या आतल्या बाजूला मार्करने सगळे आकडे लिहायचा आणि खाली "नवतपा पास". घरातल्या बाया म्हणायच्या, "हे दोघं उन्हात कायले मरून राहिले?" तू म्हणायचा, "पोराची परीक्षा आहे मावशी." आणि ताक मागायचा.

तुझं स्वतःचं मशीन तू दिवाळीत बनवलं. साधा बोर्ड, त्याच्यावर भारी रॅम. मी कुरकुर केली, तू ऐकलं नाही. चाललंही ते छान. फेब्रुवारीत लग्नसराई लागली, वहिनीचे अल्बम मोठे, रॅमच्या दोन स्टिक कमी पडू लागल्या. तू दुकानात आला. "आणखी दोन दे. पण पहिल्याच्या जोडीच्याच दे." मी डब्यातून दोन काढल्या. तू स्टिकर वाचायला लागला तर तुझ्या हातून घेऊन पाकिटात टाकल्या. "कंपनी तीच, वेग तोच, नंबर तोच. डोळे झाकून लाव. आता काय कुंडली जुळवून राहिला?"

"हलका धान लवकर पिकते, भारी उशिरा. दोन्ही एका बांधीत लावले तं कापणी कधी करशील?" तू म्हणाला.

मी हसलो. तुझ्या मागे तीन माणसं उभी होती, मला घाई होती. तू पाकीट घेऊन गेला.

मार्च लागला आणि तू परत आला, तोंड उतरलेलं. मशीन अल्बमच्या मधातच निळं पडते, स्क्रीन निळी होऊन सगळं थांबते, म्हणाला. दुकानात पाच-सहा जण होते. मी त्यांच्याकडे पाहून मोठ्याने म्हटलं, "घ्या. सोळा वर्षं सांगतो आहे, बोर्ड पहिले. पण हे साहेब प्लांटमध्ये काम करतात, ह्यांना कोण शिकवणार?" लोक हसले. तू हसला नाही. "पाहू," म्हणाला आणि गेला. मी एकदाही विचारलं नाही की बाबा, नवीन दोन स्टिक काढून पाहिल्या काय. हा प्रश्न मी दुकानात येणाऱ्या कोणत्याही सोम्यागोम्याला पहिले विचारतो. तुला विचारला नाही, कारण मला माझ्या मनाजोगं उत्तर मिळालं होतं.

मग तुझं येणं बंद आणि माझा फोन बंद. गिरे तो भी टांग ऊपर, दोघांचीही. एप्रिलच्या शेवटी मोबाइलवर तुझा रेकॉर्ड केलेला आवाज आला. "सिधू, तू बरोबर होता. बोर्डच कमी पडून राहिला. येऊन पाहून जा एकदा." चार वेळा ऐकला मी तो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. बायकोला ऐकवला. शेजारच्या मोबाइलवाल्याला ऐकवला. आणि तुला काय पाठवलं, तर नुसता अंगठा. येतो म्हणूनही लिहिलं नाही. वाटलं, नवतपात जायचंच आहे, तेव्हा चांगला बोर्ड घेऊन ऐटीत जाऊ. नवतपा लागला तेव्हा तू नव्हता.

आता ह्या तीन दिवसांचं ऐक.

पहिल्या दिवशी मशीनला ताण दिला. वीस मिनिटांत निळं. आणि हेमू, मला बरं वाटलं. भिंतीवर तुझ्या फोटोला हार, आतल्या खोलीत वहिनी कोणाशी तरी हळू बोलत होती, आणि मला बरं वाटलं की बोर्डच आहे म्हणून. असा माणूस आहे मी. तुला माहीतच होतं, म्हणून तुला सांगायला लाज वाटत नाही.

मग बोर्डवरच्या त्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला बोट लावलं, तूच शिकवलं तसं. गरम होता, पण बोट ठेवता येत होतं, म्हणजे बोर्ड तेवढा तापत नव्हता. मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी दुकानातला टेबलफॅन नेऊन सरळ बोर्डवर सोडला. तरी निळं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, तू वाढवलेला सगळा वेग उतरवला आणि प्रोसेसर कंपनीच्या वेगावर आणून ठेवला. त्या वेगावर हा बोर्ड झोपेतही चालायला पाहिजे. तरी निळं. मी खुर्चीवरून उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. पायात चप्पल नव्हती. तळपाय भाजले तेव्हा समजलं.

परत आलो आणि मी दिलेल्या दोन स्टिक काढल्या. तुझा वेग पुन्हा चढवला, पत्र्यावर तू नवतपाच्या आधीच लिहून ठेवला होता तसाच्या तसा. कूलर बंद. दुपारचे तीन. दोन तास पूर्ण ताण. तुझा बोर्ड जरासाही डगमगला नाही.

मग चष्मा लावून स्टिक वाचल्या. कंपनी तीच, वेग तोच, नंबर तोच. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात व्हर्जनचा आकडा. तुझ्या दोघींवर एक, माझ्या दोघींवर दुसरा. म्हणजे वरून सारख्या, आत चिप वेगळ्या बनावटीच्या. आपापल्या जोडीत चांगल्या चालतात, चौघी एकत्र लावल्या की एकमेकींचे पाय ओढतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी हे रोज लोकांना सांगतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वहिनीने विचारलं, "सापडलं काय भाऊजी?" मी म्हटलं, "उद्या सांगतो." आणि गाडी काढून पळालो. दुकानात आलो. तुझा तो आवाज पुन्हा लावला. तू बरोबर होता, तू बरोबर होता. तेव्हा केवढा गोड लागला होता. आज अर्ध्यातच बंद केला. सोळा वर्षांचं भांडण तू हरलो समजून गेला, आणि तू हरलाच नव्हता. भरल्या दुकानात खाली पाहून गेला, त्यात तुझी काही चूकच नव्हती. कोर्टात निकाल उलटा लागला तर वरचं कोर्ट असते. मी कुठं जाऊ रे? कोणाला सांगू की बोर्ड बरोबर होता, ह्या माणसाने पारखून घेतला होता, मीच घाईत वाट लावली? तुला सांगायला पाहिजे. तूच पाहिजे होता. एवढं एकच वाक्य सांगायचं आहे, आणि ते घ्यायला तू नाही.

वरचं काल लिहिलं. आज पुढचं लिहितो, नाहीतर झोप लागणार नाही.

माझ्या घरच्या मशीनमध्ये दोन स्टिक आहेत, दिवाळीच्या आधी तुझ्या जोडीनेच मागवलेल्या. सकाळी उठून पहिले त्यांचा आकडा पाहिला. तुझ्यावालाच. त्या उपसल्या आणि कुडव्याला आलो. चारही लावल्या, तीन वाजता कूलर बंद केला. वहिनी पदराने वारा घेत दारातच बसली, दोन तास उठली नाही. पाच वाजता मी मार्कर घेतला आणि तुझ्या अक्षराखाली "नवतपा पास" लिहिलं. ते नेहमी तू लिहायचा. माझं तिरकं आलं.

मग सांगून टाकलं. "वहिनी, बोर्ड चांगला होता. खराबी मी दिलेल्या दोन स्टिकमध्ये होती. हेमूने मला टोकलं होतं, मी ऐकलं नाही. वरून चार लोकांत त्यालाच बोललो. तो बिचारा स्वतःला चुकला समजून गेला. तुम्हाला मला जे म्हणायचं ते म्हणा."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. कोणाच्या तरी हळदीचा फोटो उघडा होता.

"त्याईले माहीत होतं भाऊजी," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुमच्या स्टिका वेगळ्या आहेत म्हणून. एप्रिलमधीच समजलं होतं. तो बारीक आकडा मलेच वाचायले लावला. मी म्हटलं, मंग भाऊजीले फोन करून सांगा ना. तं म्हणे, 'चूक तुझी आहे म्हटलं तं तो दोन स्टिका पाठवून देईल अन् तोंड दाखवणार नाही. तू बरोबर आहे म्हटलं तं मिरवायले तरी येईल. आला की इथंच बसवतो, शोधू दे त्याले त्याच्या हातानं.' मले म्हणे, तू सांगजो नको. म्हणून मी चार दिवस बोलली नाही."

माझ्या हातात मार्कर होता. तो मी टेबलावर ठेवला.

"मंग माझं काम कसं चालावं?" वहिनीच पुढे म्हणाली. "तं त्या दोन स्टिका काढून ठेवत अन् मी बाकीच्या दोनवर हळूहळू करत होती. रविवार आला की सकाळीच पुन्हा लावून ठेवत, तुम्ही आले तं मशीन बिघडलेलं दिसावं म्हणून. आंघोळ करून, नवा शर्ट घालून बसत. सोमवारी ड्यूटीवर जाताना काढत. असे दोन रविवार केले. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी तं गेलेच ते. स्टिका तशाच लावलेल्या राहिल्या. तुमच्यासाठी ठेवल्या होत्या, म्हणून मी कोणाले हात लावू दिला नाही."

हेमू, मी मिरवायलाही आलो नाही रे.